डेट्रॉइटने वाट पाहिली

14 जानेवारी 2024, रविवारची रात्र. डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड स्टेडियमवर सामन्याची शेवटची दोन मिनिटे उरली होती. डेट्रॉइट लायन्स हा यजमान संघ एका गुणाने पुढे होता, चेंडूही त्यांच्याकडेच होता. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जॅरेड गॉफने अमन-रा सेंट ब्राऊनकडे चेंडू फेकला, त्याने तो झेलला, संघ अकरा यार्ड पुढे सरकला आणि सगळा हिशेब मिटला. लॉस एंजलिस रॅम्सला आता चेंडू परत मिळणार नव्हता. लायन्स 24, रॅम्स 23. गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये वयस्क माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती.

त्या रात्री डेट्रॉइटला करंडक मिळालेला नव्हता. ही फक्त बाद फेरीची पहिली पायरी होती. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये 32 संघ आहेत. प्रत्येक संघ साखळीत 17 सामने खेळतो आणि त्यातले 14 संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात. तिथे एक सामना हरला की हंगाम संपला. अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. लायन्स त्यापासून अजून बरेच लांब होते. मग एवढे रडू कशाचे?

याचे उत्तर तारखांमध्ये आहे. लायन्सने प्लेऑफचा याआधीचा सामना जिंकला तो 5 जानेवारी 1992 रोजी, डॅलस काउबॉइजला 38-6 असे हरवून. त्यानंतर 32 वर्षे आणि 9 दिवस गेले. मधल्या काळात संघ नऊ वेळा प्लेऑफचे सामने खेळला आणि नऊही हरला. आणखी मागे गेले तर चित्र अधिकच कठोर दिसते. 1957 मध्ये लायन्स विजेते ठरले होते. तेव्हापासून 2024 च्या त्या रात्रीपर्यंत त्यांच्या खात्यात प्लेऑफचा एकच विजय होता, 1992 चा. पन्नाशीला आलेल्या माणसाने आयुष्यात एवढा एकच आनंद पाहिलेला, आणि त्याच्या तिशीतल्या भावाला तर तोही आठवत नाही.

भारतीय वाचकाला 1983 ते 2011 ही विश्वचषकाची प्रतीक्षा आठवेल. वानखेडेवरच्या त्या रात्रीही लोक असेच रडले होते. मात्र त्या 28 वर्षांत आपल्याला अधूनमधून का होईना, मोठे विजय मिळत गेले. डेट्रॉइटच्या वाट्याला 2008 चा हंगाम आला. सोळा सामने, सोळा पराभव. एनएफएलच्या सोळा सामन्यांच्या हंगामात असा भोपळा पहिल्यांदाच कुणाच्या पदरी पडला. काही प्रेक्षक डोक्यावर कागदी पिशव्या चढवून सामन्याला येत. हातातला सामना निसटला की ‘सेम ओल्ड लायन्स’ असे म्हणायची तिथे पद्धतच पडली होती.

तरीही लोक येत राहिले. थँक्सगिव्हिंग या सणाच्या गुरुवारी लायन्सचा सामना असतो, ही प्रथा 1934 पासूनची आहे. सणाचे जेवण, आजोबा, मुले, नातवंडे आणि टीव्हीवर हरणारा आपला संघ अशा वातावरणात डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमधली कितीतरी मुले वाढली. तिथे संघ कोणी निवडत नाही, तो घरातून मिळतो. मोटार उद्योगामुळे डेट्रॉइटच्या उपनगरांत अनेक मराठी कुटुंबेही स्थिरावली आहेत आणि तिथे वाढणाऱ्या मुलांच्या कानावर मराठीबरोबर लायन्सचे नावही लहानपणीच पडते.

शहराचीही कहाणी संघासारखीच आहे. 1950 मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. कारखाने हलले, बंद पडले, माणसे निघून गेली. 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेतल्या कोणत्याही शहराची त्याआधी एवढी मोठी दिवाळखोरी झाली नव्हती. 2021 मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या डॅन कॅम्पबेलने पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितले की, आमचा संघ या शहरासारखा असेल. पाडला तर उठेल आणि उठताना समोरच्याच्या गुडघ्याचा चावा घेईल. देशभर त्याची टिंगल झाली. पहिल्या वर्षी संघाने 17 पैकी तीनच सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी नऊ, तिसऱ्या वर्षी बारा. त्या तिसऱ्या वर्षी, 24 डिसेंबर 2023 रोजी मिनेसोटाला हरवून लायन्सने 1993 नंतर प्रथमच आपला गट जिंकला. त्यामुळे 30 वर्षांनी प्लेऑफचा सामना घरच्या मैदानावर आला. फोर्ड फील्ड 2002 मध्ये उभे राहिले, पण तिथे असा सामना तोवर झालाच नव्हता.

आणि समोर आला कोण, तर मॅथ्यू स्टॅफर्ड.

स्टॅफर्ड बारा हंगाम डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक होता. तो दुखापती अंगावर काढत खेळला, लोकांचा लाडका झाला, पण प्लेऑफचा एकही सामना जिंकून देऊ शकला नाही. 2021 मध्ये लायन्सने त्याला रॅम्सकडे पाठवले आणि पहिल्याच हंगामात तो तिथे सुपर बोल जिंकला. त्याच्या बदल्यात डेट्रॉइटला गॉफ मिळाला आणि नवे खेळाडू निवडण्याचे तीन हक्क मिळाले. याच गॉफने रॅम्सला एकदा सुपर बोलपर्यंत नेले होते. तरी तो त्यांना नकोसा झाला. अमेरिकेत बहुतेकांनी या सौद्यात त्याला ओझे म्हणूनच मोजले होते.

त्या रात्री डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी स्टॅफर्डची हुर्यो उडवली आणि ‘जॅरेड गॉफ, जॅरेड गॉफ’ असा घोष सुरू केला. टाकून दिलेल्या खेळाडूला टाकून दिलेल्या शहराने आपला म्हटले, आणि या विजयातला सर्वांत खोल आनंद इथे आहे. गॉफनेही 27 पैकी 22 पास अचूक पोहोचवून त्याचे चीज केले. लायन्सच्या तीन टचडाऊनपैकी (चेंडू समोरच्याच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) दोन जाहमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा या नवख्यांनी केले. स्टॅफर्डच्या बदल्यात मिळालेल्या हक्कांतूनच ते संघात आले होते. स्टॅफर्डही सुंदर खेळला, 367 यार्डांचे पास त्याने टाकले. पण लायन्सच्या बचावफळीने रॅम्सला उत्तरार्धात एकही टचडाऊन करू दिला नाही.

चाहत्यांच्या अशा आनंदाचा अभ्यासही झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालडिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये सात अमेरिकी विद्यापीठांतील निरीक्षणे प्रसिद्ध केली. आपला फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. जिंकल्यावर ते ‘आम्ही जिंकलो’ असे सांगत. पराभवाबद्दल बोलताना हे ‘आम्ही’ बरेच कमी ऐकू येई. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात अंग शेकून घेण्याची ही सहज मानवी ओढ आहे. पण सोळा पराभवांच्या वर्षीही निळी जर्सी घालून स्टेडियमवर येणारा माणूस त्यात बसत नाही. त्याला समजून घ्यायला डॅनियल वॉन या दुसऱ्या संशोधकाचे काम उपयोगी पडते. स्थानिक संघाशी घट्ट नाते असलेल्यांना एकटेपणा कमी जाणवतो, असे त्यांच्या अभ्यासांत आढळले. संघ हरला तरी सोबत बसून पाहणारी माणसे उरतात. फोर्ड फील्डवरचे अश्रू त्या सोबतीचे होते, आणि वाट पाहता पाहता निघून गेलेल्या आईवडिलांसाठीही होते.

पुढच्या आठवड्यात लायन्सने टँपा बेला 31-23 असे हरवले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला 24-7 अशी आघाडी असूनही ते 34-31 असे हरले आणि सुपर बोल एका पावलावर राहिला. एप्रिलमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट डेट्रॉइटमध्ये झाला. ड्राफ्टमध्ये सामना नसतो, संघ फक्त नव्या खेळाडूंची नावे पुकारतात. तीन दिवसांत तिथे पावणेआठ लाखांवर लोक आले. 2020 च्या जनगणनेनुसार खुद्द डेट्रॉइट शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांहून कमी होती.