टोकियोची रात्र, आमचा दस्तरख्वान

मांजर्लीत इशानंतर बदलापूर स्टेशनपर्यंत चक्कर आणि एक कटिंग चहा, एवढीच आमची रात्रीची मौज. टोकियोत मुलाकडे गेलो, तर तिसऱ्याच संध्याकाळी त्याच्या ऑफिसातल्या सोबत्यांनी आम्हा दोघांनाही इझाकायाला बोलावले. इझाकाया म्हणजे दारूसोबत लहान लहान बशांतले पदार्थ खायची जागा. कामानंतर माणसे तिथेच मोकळी होतात. नाही म्हणावे तर मुलगा एकटा पडतो, हो म्हणावे तर शराबच्या दस्तरख्वानावर बसायचे.

अडचण नुसत्या पेल्याची नव्हती. रामेनचा रस्सा अनेकदा डुकराच्या हाडांचा, माशाच्या गोड रश्शातही मिरिन, म्हणजे तांदळाची गोड दारू. म्हणून ‘बुता’ म्हणजे डुक्कर आणि ‘साके’ म्हणजे दारू, हे शब्द आम्ही आधी पाठ केले. पण सामन माशालाही तिथे साकेच म्हणतात! त्या घोळात दुकानातून माशाची ओनिगिरी, म्हणजे भाताचा भरलेला गोळा, आम्ही घाबरून परत ठेवली.

शेवटी मुलानेच तोड काढली: जेवण आमच्याकडून, शिन-ओकुबोला. तिथल्या एका गल्लीला जपानी लोकच ‘इस्लाम योकोचो’ म्हणतात. हलाल मटण, मसाले, बिर्याणी, सगळे मिळते. पाचही जण आले. दारू का नाही, हे एकाने विचारले. मुलाने न लाजता सांगितले. बिर्याणीनंतर चौघे इझाकायाकडे वळले. पाचवा आमच्याबरोबर दुधाचा चहा घेत बसला आणि बदलापूरला पाऊस किती पडतो, ते विचारत राहिला.