करकरणारी वहाण

नव्या कोल्हापुरी वहाणेची करकर ज्याला ठाऊक नाही, असे मराठी घर विरळाच! परंतु त्या करकरीमागे किती हात राबतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

म्हशीचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचे, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवायचे. खिळ्याचे कामच नाही. पहिले चार दिवस ही वहाण चावते खरी, पण एकदा पायाशी जमले की वर्षानुवर्षे साथ सोडीत नाही.

इथला कारखाना म्हणजे बहुधा एक घरच. मी पाहिलेल्या घरात बाप रापीने तळ कापीत होता आणि बायका वेणी गुंफीत होत्या. धाकटा कॉलेजात होता. ‘‘तो रापी धरील का?’’ मी विचारले.

‘‘पोट भरलं तर धरंल की!’’ बाप हसून म्हणाला.

२०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानला पुरुषांच्या पायांत अशाच वहाणा मिरविल्या, त्या कोल्हापूरचे नाव न घेता! ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण तिने मान्य केले. आपणही रागावलो, योग्यच झाले.

पण मंडळी, त्याच वहाणेसाठी दुकानात पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतो, ते आपणच ना? मिलानपेक्षा त्या धाकट्याचा निर्णय आपल्याच हाती अधिक आहे.