नाट्यपुनरुज्जीवनासाठी नाट्यगृहाची निवड

नाट्यपुनरुज्जीवनासाठी नाट्यगृहाची निवड म्हणजे पूर्वी रंगभूमीवर येऊन गेलेले नाटक नव्या संचात, बहुधा एखाद्या लोकप्रिय नटाला मध्यवर्ती भूमिका देऊन, पुन्हा सादर करताना त्याचे प्रयोग कोणत्या नाट्यगृहांत करावयाचे हे ठरविण्याची प्रक्रिया होय. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर हा निर्णय निर्माता, दिग्दर्शक आणि नाट्यव्यवस्थापक मिळून घेतात. नटाच्या नावावर किती प्रेक्षक येतील हा त्यातील एक प्रश्न आणि नाटकाला स्वतःला किती मोठी जागा मानवते हा दुसरा. या दोहोंची उत्तरे पुष्कळदा परस्परविरुद्ध येतात.

स्वरूप

लंडन किंवा न्यू यॉर्क येथे असे पुनरुज्जीवन सामान्यतः एकाच नाट्यगृहात काही आठवडे सलग चालते. बेनेडिक्ट कंबरबॅच यांचे ‘हॅम्लेट’ २०१५ साली लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये, हजाराहून अधिक आसनांच्या प्रेक्षागृहात, सुमारे १२ आठवडे झाले. त्याच शहरातील डॉनमार वेअरहाउसमध्ये जेमतेम २५० आसने आहेत, आणि तेथेही नामवंत नट काम करतात. मोठे घर घ्यावे की लहान, हा निर्णय तेथे एकदाच घ्यावा लागतो.

मराठी नाटकाला असे कायमचे घर नसते. एखाद्या नाटकाचा शनिवारी दुपारचा प्रयोग दादरला, रात्रीचा ठाण्याला आणि रविवारचा पुण्याला असू शकतो. त्यामुळे मराठी निर्माता एक नाट्यगृह निवडत नाही; तो तारखांची माळ जुळवतो. या पद्धतीचा सर्वांत दूरगामी परिणाम नेपथ्यावर होतो. माळेतील सर्वांत लहान रंगमंचावर जे उभे राहू शकेल तेच नेपथ्य सर्वत्र न्यावे लागते, किंवा लहान रंगमंचासाठी त्याची दुसरी, आटोपशीर मांडणी आधीच तयार ठेवावी लागते.

पूर्वपीठिका

लोकप्रिय नटांच्या बळावर जुने नाटक पुन्हा उभे करण्याचे मराठीतील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘संयुक्त मानापमान’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. त्यानंतर १० वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी त्याचा एकत्रित प्रयोग मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये केला. बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत होते. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. गायकनटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत त्याच्या स्वतःच्या बळावर पोहोचावा लागे. म्हणून निधीसाठी कितीही प्रेक्षक हवे असले तरी घराच्या आकाराला आवाजाची मर्यादा होती. केशवरावांचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले.

नाटकाची गरज

कोणत्या नाटकाला कोणते घर साजते हे त्या नाटकाच्या बांधणीवरून ठरते, आणि यात नटाच्या लोकप्रियतेचा फारसा संबंध नसतो. नटाच्या चेहऱ्यावरील भाव उघड्या डोळ्यांनी वाचता यावेत यासाठी शेवटची रांग रंगमंचापासून सुमारे २० मीटरच्या आत असावी, असे नाट्यगृहांच्या रचनेत साधारणपणे मानले जाते. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागारात झाला. श्रीराम लागू यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी यांच्यासारख्या नटांनी गणपतराव बेलवलकरांची भूमिका केली. या नाटकातील मोठी स्वगते प्रशस्त प्रेक्षागृह पेलतात. परंतु घरातल्या घरात होणारे अपमानाचे बारीकसारीक प्रसंग बाल्कनीपर्यंत पोहोचविताना नटाला आवाज आणि हालचाल मोठी करावी लागते, आणि त्यात प्रसंगाचा पोत बदलतो. भूमिकेची पुनर्निर्मिती करणाऱ्या प्रत्येक नटापुढे हा पेच येतो.

उलट काही नाटके यंत्रणेमुळे मोठी जागा मागतात. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकाची रचना फिरत्या रंगमंचावर बेतलेली होती. न्यायालयातील प्रसंग आणि साक्षीदारांनी सांगितलेल्या घटना यांच्यात क्षणात ये-जा करण्यासाठी ती सोय आवश्यक होती. प्रभाकर पणशीकर यांनी लखोबा लोखंडेची भूमिका अनेक दशके केली. पुढे गिरीश ओक यांनीही ती केली. फिरता रंगमंच मांडण्याइतकी रुंदी व खोली आणि खालची जमीन सपाट नसेल, तर अशा नाटकाला नुसते गर्दी खेचणारे नाव उपयोगाचे ठरत नाही.

संगीत नाटकात निकष आणखी बदलतो. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ २४ डिसेंबर १९६७ रोजी नाट्यसंपदा या संस्थेने रंगभूमीवर आणले. त्यातील खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केली. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी हीच भूमिका केली. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे होते. या नाटकात प्रेक्षक गाण्यासाठी येतो, पण कथानक संवादांतून पुढे जाते. संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी सभागृहातील निनाद १ सेकंदाच्या आसपास असावा लागतो. गायनाला त्याहून थोडा अधिक निनाद खुलवतो. मधला मार्ग साधणारी सभागृहे थोडी आहेत. कडक भिंती आणि उंच छत असलेल्या बहुउद्देशीय सभागृहात तान भरदार वाटते, मात्र तिच्यानंतरचे वाक्य विरून जाते. साथीच्या वादकांना नट दिसेल आणि नटाला त्यांचा सूर ऐकू येईल अशी जागा रंगमंचालगत आहे का, हेही पाहावे लागते. खोट्या समाधानापोटी हा मुद्दा ध्वनिव्यवस्थेवर सोपविला जातो. ध्वनिक्षेपक आवाज मोठा करतो, निनाद कमी करू शकत नाही.

अर्थकारण आणि तारखा

लोकप्रिय नटाचे दर प्रयोगाचे मानधन, ज्याला व्यवसायात ‘नाईट’ म्हणतात, हा पुनरुज्जीवनातील मोठा खर्च असतो. तो घर लहान असो वा मोठे, तेवढाच राहतो. उदाहरणादाखल, सरासरी ४०० रुपयांचे तिकीट धरल्यास २५० आसनांच्या सभागृहात घर पूर्ण भरूनही १ लाख रुपये जमा होतील, तर ९०० आसनांच्या नाट्यगृहात तेवढी रक्कम निम्म्याहून अधिक आसने रिकामी असतानाही येईल. लहान घरात तिकिटाचा दर वाढविणे हा उपाय वरकरणी सोपा दिसतो. परंतु २०१८ पासून नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे आणि त्यावरील दराला कर लागतो. त्यामुळे ५०० रुपये ही मराठी नाटकाच्या दरपत्रकातील एक अघोषित रेषा होऊन बसली.

महापालिकांच्या नाट्यगृहांत काही महिन्यांच्या तारखा निर्मात्यांना एकदम वाटून दिल्या जातात. दादरचे शिवाजी मंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, १९६८ मध्ये सुरू झालेले पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर अशा घरांतील शनिवार-रविवारच्या तारखांना नेहमीच मागणी असते. चित्रपट वा मालिकांत गुंतलेल्या नटाला मोकळे दिवस मोजकेच मिळतात. नाट्यगृहाला ते दिवस रिकामे असतीलच असे नाही. म्हणून प्रत्यक्षात पुष्कळदा नाट्यगृह नाटकाला शोभते म्हणून निवडले जात नाही, तर त्या तारखेला मिळाले म्हणून घेतले जाते. सुनील बर्वे यांनी २०१० पासून ‘हर्बेरियम’ या उपक्रमात ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमीदाबाईची कोठी’, ‘झोपी गेलेला जागा झाला’ आदी जुनी नाटके प्रत्येकी केवळ २५ प्रयोगांसाठी पुन्हा आणली. प्रयोगसंख्या आधीच जाहीर केल्याने नामवंत नटांच्या तारखा अल्प काळापुरत्या मिळविणे शक्य झाले. त्याची दुसरी बाजू अशी, की २५ प्रयोगांच्या गणितात दूरच्या गावांना वाव उरत नाही.

विदर्भातील दौरे आणि वाशीम

मुंबई-पुण्याच्या संचाचा विदर्भ दौरा प्रामुख्याने नागपूर, अमरावती आणि अकोला या शहरांभोवती आखला जातो. नागपुरात डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आणि २०१७ मध्ये सुरू झालेले, सुमारे २,००० आसनांचे कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, तर अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे. दौऱ्यातील प्रयोग अनेकदा ठेका पद्धतीने होतात: स्थानिक संयोजक ठरावीक रक्कम देऊन प्रयोग विकत घेतो आणि तिकीटविक्रीची जोखीम उचलतो. अशा वेळी नाट्यगृहाची निवड निर्मात्याकडून संयोजकाकडे जाते, आणि संयोजकाचा कल स्वाभाविकपणे सर्वांत मोठ्या घराकडे असतो.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. वाशीम शहर अकोल्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. अकोल्यातील रात्रीचा प्रयोग मध्यरात्रीच्या सुमारास संपला, तर वाशीमच्या प्रेक्षकाला घरी पोहोचायला पहाट जवळ येते. कुटुंबासह नाटकाला जाण्याचा खर्च त्यामुळे तिकिटापेक्षा प्रवासाचाच अधिक होतो. ‘कट्यार’चे मूळ खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांचे जन्मगाव मूर्तिजापूर हे कारंज्याच्या शेजारच्याच तालुक्याचे ठिकाण असले, तरी या भागातील रसिकाला त्या नाटकासाठी नागपूर-अमरावतीची वाट धरावी लागावी, यात दौऱ्यांच्या आखणीचा वाटा मोठा आहे.

भौगोलिकदृष्ट्या मात्र वाशीम आडबाजूला नाही. अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग आणि अकोला–पूर्णा लोहमार्ग दोन्ही शहरातून जातात, नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. नांदेडचा प्रयोग आटोपून अकोल्याकडे निघालेला संच वाशीमवरूनच जातो. दोन मोठ्या प्रयोगांमधला मोकळा दिवस येथे वापरता येतो, कारण प्रवासखर्च आणि नटाची तारीख दोन्ही आधीच खर्ची पडलेली असतात. अडचण उरते ती जागेची. भाषणे व समारंभांसाठी बांधलेल्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात जमीन सपाट असल्याने मागच्या रांगांना नटाचे डोकेच दिसते. विंगा नसतात, रंगपटापासून रंगमंचापर्यंतची वाट प्रेक्षकांतून जाते, प्रकाशयोजनेला लागणारा वीजभार मिळत नाही आणि जनित्र भिंतीलगत ठेवले तर त्याचा आवाज आत येतो.

ज्यांना अशा जागी प्रयोग करावयाचा असतो ते आसने मुद्दाम कमी मांडतात, रंगमंच ४ ते ५ फूट उंचावतात, पडदे आणि कापडी झालरी लावून निनाद शोषून घेतात आणि जनित्र दूर ठेवून केबल लांबवितात. दोन-चार पात्रांचे, एका दिवाणखान्यात घडणारे नाटक यात निभावते. फिरता रंगमंच किंवा वादकांचा ताफा लागणारे नाटक निभावत नाही, मग त्यातील नट कितीही लोकप्रिय असो. त्यामुळे दौऱ्यात लहान जिल्हास्थानांचा समावेश करावयाचा असल्यास तो निर्णय नेपथ्याचा आराखडा पक्का होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. ट्रक भरल्यानंतर त्याला फारसा अर्थ राहत नाही.