प्रिंटर अडतो तेव्हां

मे महिन्याच्या उत्तरार्धांत नागपुरास दुपारीं पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि एखाद्या सायंकाळीं अकस्मात् वावटळ सुटून वीज जाते. थोड्या वेळानें ती परत येते. दिवे लागतात, कूलर फिरूं लागतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एखाद्या कचेरींत दाखल्याकरितां रांग लागली असतां असें आढळतें कीं, संगणक चालू आहेत पण प्रिंटर कागद सोडीत नाहीं. खिडकीआडून उत्तर मिळतें, "प्रिंटर बंद आहे, उद्यां या." उमरेडहून किंवा काटोलहून एस्टीनें आलेल्या मनुष्याची त्या दिवसाची मजुरी बुडते; प्रवेशअर्जाची मुदत त्याच दिवशीं संपत असेल, तर एखाद्या मुलाचें वर्षही पणास लागतें. वास्तविक असा दोष पुष्कळदां पाव तासांत सांपडण्याजोगा असतो. तो शोधण्याची रीत मात्र ठाऊक असावी लागते.

एक प्रिंटर अनेकांनीं वापरावा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत लेसर प्रिंटर आणि संगणकांस परस्परांशीं जोडणारी ईथरनेटची पद्धत, हीं दोन्ही आकारास आलीं. महागडें यंत्र एक आणि त्याचा उपयोग सर्वांस, असा तो हिशेब होता. या सोयीबरोबर एक अडचणही आली. लिहिणारा आणि छापणारा यांच्यामध्यें वाट निर्माण झाली, आणि वाट म्हटली कीं खोळंबा आलाच.

ही वाट टपालासारखी असते. पहिल्या टप्प्यावर ड्रायव्हर नांवाचा प्रोग्राम असतो. तो दुभाषाप्रमाणें संगणकाचा मजकूर प्रिंटरच्या भाषेंत उतरवितो. दुसऱ्या टप्प्यावर स्पूलर असतो. आलेलीं कामें रांगेंत लावून तो एकेक पुढें सोडतो. तिसरा टप्पा नेटवर्कचा. तेथें काम प्रिंटरच्या पत्त्यावर धाडलें जातें. चौथा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष प्रिंटर. पत्र पोंचलें नाहीं म्हणून कोणी घराचें दार तोडीत नाहीं. पण प्रिंटर बोलेना कीं प्रथम त्याचीच उलथापालथ होते. दोष शोधतांना दोन नियम पाळावे. शेवटच्या टप्प्यापासून एकेक पाऊल मागें यावें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर काम सुरू झालें तरी कशानें झालें तें कळत नाहीं.

प्रथम प्रिंटरच्या स्वतःच्याच बटणानें किंवा यादींतून चांचणीचें पान छापावें. त्यास संगणकाची गरज नसते. पान स्वच्छ निघालें तर यंत्र, शाई आणि कागद ठीक आहेत असें समजावें. कागद अडकूं लागले तर नागपूरकरांनीं कूलरकडे पाहावें. उन्हाळ्यांत कूलरची ओलसर हवा समोरच्या उघड्या कागदांत मुरते, कागद वळतो, आणि दोन-तीन पानें एकमेकांस चिकटून आंत ओढलीं जातात. कागदाचें रीम बांधलेलेंच ठेवावें आणि लागेल तेवढेंच काढावें.

नेटवर्कवरील बहुतेक प्रिंटर मागितल्यास आपला पत्ताही छापून देतात. वीज गेल्यानंतरची गोम पुष्कळदां याच पत्त्यांत असते. पत्ते वांटण्याचें काम राउटर करतो. वीज आल्यावर प्रिंटर आधीं जागा झाला आणि राउटर मागाहून, तर वाट पाहून कंटाळलेला प्रिंटर स्वतःच एक पत्ता घेऊन बसतो. असा पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होतो. कधीं राउटर पूर्वीच्याहून निराळा पत्ता देतो. संगणक मात्र जुन्याच घरीं पत्रें धाडीत राहतो! कागदावरील पत्ता आणि संगणकांत नोंदलेला पत्ता ताडून पाहावा. ते भिन्न असल्यास प्रिंटर बंद करून, राउटर पूर्ण चालू झाल्यावर पुन्हां सुरू करावा. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्यें त्या प्रिंटरकरितां एकच पत्ता राखून ठेवणें.

पत्ता जुळतो, तरी छपाई नाहीं. तर रांग पाहावी. एकच बिघडलेलें काम पुढें अडून बसलें कीं मागचीं सारीं कामें खोळंबतात. अधीर मनुष्य तेंच काम पुनः पुन्हां धाडून रांग आणखी वाढवितो. अशा वेळीं विंडोजमधील 'प्रिंट स्पूलर' ही सेवा थांबवावी, अडकलेलीं कामें काढून टाकावीं आणि सेवा पुन्हां सुरू करावी. मग एकच लहान पान छापून पाहावें.

येथवर सर्व ठीक असूनही काम होत नसेल, तर जुन्या संगणकांचा प्रश्न उभा राहतो. कित्येक कचेऱ्यांत प्रिंटर एका संगणकास तारेनें जोडलेला असतो आणि बाकीचे त्याच्या मार्फत छापतात. तो यजमान बंद असला, कीं सर्वांचें काम थांबतें. शिवाय जुन्या व नव्या संगणकांचें पटेनासें होतें. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीं आणि विंडोज ७ चा नेहमींचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीं संपला. सप्टेंबर २०२१ मधील सुरक्षा-सुधारणेनंतर यजमान संगणक छपाईस येणाऱ्याकडे ओळखीची अधिक कडक खूण मागूं लागले. ज्या जुन्या संगणकांपाशीं ती नव्हती त्यांस नकार मिळाला, आणि '११बी' नें संपणारा दोषांक ठिकठिकाणीं पडद्यावर दिसूं लागला.

यावर तोंडोतोंडीं पसरलेला उपाय असा कीं, ती सुधारणाच काढून टाकावी. एक्सपीच्या संगणकाशीं जुळवून घेण्याकरितां 'एसएमबी १' ही जुनी पद्धत पुन्हां चालू करावी, असेंही कोणी सांगतो. छपाई सुरू होते खरी. पण किल्ली अडते म्हणून कुलूपच काढून टाकण्याचा हा प्रकार होय. १२ मे २०१७ रोजीं पसरलेल्या वॉनाक्राय या घातक प्रोग्रामनें याच जुन्या पद्धतींतील उणिवेचा फायदा घेतला, दीडशेंच्या आसपास देशांत संगणकांतील कागदपत्रें अडकवून ठेवलीं आणि खंडणी मागितली. ती उणीव बुजविणारी सुधारणा १४ मार्च रोजींच निघाली होती. एका दिवसाच्या छपाईसाठीं हजारों लोकांच्या नोंदी धोक्यांत घालणें शहाणपणाचें नाहीं.

योग्य उपाय यजमान मधून काढण्याचा आहे. नेटवर्कची सोय असलेला प्रिंटर सरळ स्विचला जोडावा, म्हणजे प्रत्येक संगणक आपलें काम स्वतः त्याच्या पत्त्यावर धाडील. तशी सोय नसल्यास प्रिंट सर्व्हर नांवाची लहान पेटी मध्यें बसवितां येते. जुना संगणक इंटरनेटपासून तोडलेला असला तरी अशा रीतीनें छापूं शकतो. मात्र त्याच्या विंडोजकरितां ड्रायव्हर मिळतो ना, हें प्रिंटर घेण्यापूर्वीं पाहावें.

शेवटीं, प्रत्येक प्रिंटरशेजारीं दोऱ्यानें एक वही बांधून ठेवावी. तींत प्रिंटरचा पत्ता, झालेला बिघाड, केलेला उपाय आणि तारीख लिहावी. बदली होऊन नवा मनुष्य आला तरी वही तेथेंच राहते. पुढच्या वावटळीनंतर ती उघडली, कीं रांगेंतल्या मनुष्यास "उद्यां या" असें न सांगतां "थोडें बसा" एवढेंच सांगावें लागेल.