आमवातातील सांध्यांची झीज आणि जैविक औषधे

वेदनाशामक गोळी घेतली, बोटांचे दुखणे थांबले, की आमवात हटला असे रुग्णास वाटते. दहिसरसारख्या उपनगरात पहाटे लोकल गाठणाऱ्यास औषधाच्या दुकानातील ही गोळी जवळची वाटावी, हे समजण्याजोगे आहे. परंतु ती सांध्याची झीज थांबवीत नाही. हा रोग विरळाही नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत सुमारे दर २०० प्रौढांमागे एकास आमवात आढळला.

या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा सांध्याच्या आतील अस्तरावरच उलटते. सुजलेल्या अस्तरातून टीएनएफ व इंटरल्यूकिन-६ ही प्रथिने स्रवतात. त्यांच्या चिथावणीने निर्माण होणारी विकरे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेतील कोलॅजेनचे धागे तोडतात. हाडही पोखरले जाते. कूर्चेतील कोलॅजेनचे तुकडे लघवीत, हाडांतील कोलॅजेनचे तुकडे व एमएमपी-३ हे विकर रक्तात मोजता येते. संयोजी ऊतकाच्या झिजेची ही दर्शके होत.

टीएनएफला अटकाव केल्यास रोग आवरतो, हे लंडन येथे १९९२ साली सुरू झालेल्या चाचण्यांतून सर रविंदर मैनी व मार्क फेल्डमन यांनी दाखविले. मैनी यांचा जन्म लुधियानाचा. अशा जैविक औषधांनंतर एमएमपी-३ व कोलॅजेनचे तुकडे पुष्कळ रुग्णांत घटतात. इन्फ्लिक्सिमॅबच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तर ज्यांची सूज फारशी उतरली नाही, अशांतही हाडांची झीज मंदावल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसले. वेदनाशामकाच्या नेमका उलट असा हा प्रकार आहे.

तथापि गेलेली कूर्चा परत येत नाही. म्हणूनच उपचार पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हावयास हवेत. प्रारंभ सामान्यतः स्वस्त अशा मेथोट्रेक्सेटने होतो, व ते पुरेसे न पडल्यास जैविक औषधाचा विचार होतो. अडालिमुमॅबचा भारतीय पर्याय २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आला, तरी हे उपचार सामान्य कुटुंबास अद्याप जडच जातात. उपरोक्त दर्शके मुख्यतः संशोधनात वापरली जातात. वय व मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही ती बदलत असल्याने डॉक्टर सुजलेले सांधे, ईएसआर, सीआरपी व क्ष-किरण चित्र यांवरच भिस्त ठेवतात.

मुंबईत आणखी एक दक्षता अत्यावश्यक ठरते. क्षयाच्या जंतूंभोवती शरीर पेशींची जी तटबंदी उभारते, ती टिकविण्यास टीएनएफच लागते. त्यामुळे इंजेक्शनापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि सुप्त क्षयाची त्वचेवरील किंवा रक्ताची चाचणी केली जाते. सुप्त संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक औषधे आधी सुरू करावी लागतात. उपचार चालू असताना खोकला वा ताप दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास पुढील इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.