निवडलेली ओळ

डावीकडे सभासदांची यादी, उजवीकडे पुस्तकांची. सभासद निवडायचा, पुस्तक निवडायचं आणि ‘द्या’ हे बटण दाबायचं. वाचनालयाच्या देवघेवीसाठी पायथनमध्ये टीकिंटर वापरून मी लिहीत असलेला प्रोग्राम एवढाच होता. पण ग्रंथपालबाईंनी पुस्तकावर क्लिक केलं की डावीकडच्या सभासदाची निळी पट्टी नाहीशी व्हायची. “तिकडे तर मी हातही लावला नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं खरं होतं.

याचं मूळ युनिक्सच्या जगात आहे. टीकिंटर ज्या ‘टीके’वर उभं आहे, ते जॉन ऑस्टरहाउट यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एक्स विंडो प्रणालीसाठी घडवलं. तिथे रिवाज असा, की एका खिडकीत मजकूर नुसता निवडला तरी दुसऱ्या खिडकीत माउसचं मधलं बटण दाबून तो चिकटवता येतो. ही मुख्य निवड एका वेळी एकाच्याच ताब्यात असते. टीकेचा लिस्टबॉक्स हा रिवाज आजही पाळतो, अगदी विंडोजवरसुद्धा. दुसऱ्या यादीने निवडीचा ताबा घेतला की पहिली आपली निवड सोडून देते. ‘एक्स्पोर्टसिलेक्शन’ हा पर्याय दोन्ही याद्यांवर बंद केला की दोघी आपापली निवड धरून ठेवतात.

काहीच निवडलेलं नसणं हीसुद्धा एक अवस्था असते, आणि ती हाताळण्यात हयगय चालत नाही. टीके अशा वेळी रिकामी उत्तरमाला देतं. तिच्यातला पहिला आकडा मागितला की ते काम चूक दाखवून तिथेच थांबतं. मला हे थांबणंच बरं वाटतं. टीकेसारख्याच ‘क्यूटी’ या दुसऱ्या साधनसंचातल्या यादीला चालू ओळ विचारली आणि ती नसली, तर उत्तर येतं उणे 1. पायथनमध्ये मात्र उणे 1 म्हणजे शेवटून पहिला घटक! तपासणी केली नाही, तर कुठलीही तक्रार न होता पुस्तक यादीतल्या शेवटच्या सभासदाच्या नावावर चढेल. म्हणून निवड झालेली नसेल तेव्हा ‘द्या’ हे बटण दाबताच येऊ नये, अशी सोय मी केली.

पुस्तकं परत घेताना गोष्ट बदलते. एकाच घरातली चार-पाच पुस्तकं एकदम येतात, तेव्हा एकाहून जास्त ओळी निवडता यायला हव्यात. जाणकारांच्या सवयीची पद्धत म्हणजे ‘एक्स्टेंडेड’: साधा क्लिक आधीची निवड पुसतो, कंट्रोल दाबून केलेला क्लिक एकेक ओळ वाढवतो किंवा काढतो, आणि शिफ्टने मधला सगळा पट्टा निवडला जातो. शिफ्टसाठी यादीला सुरुवातीची ओळ लक्षात ठेवावी लागते. तिला नांगर म्हणतात. शिवाय कीबोर्डचा रोख कुठल्या ओळीवर आहे, हे वेगळंच. निवड, नांगर आणि रोख या तिन्ही गोष्टी तीन निरनिराळ्या ओळींवर असू शकतात. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकांना कंट्रोलची सवय नव्हती. चार पुस्तकं निवडून झाल्यावर पाचव्यावर साधा क्लिक केला की चारही जायची. तिथे ‘मल्टिपल’ पद्धत योग्य ठरली: प्रत्येक क्लिकने ती ओळ निवडली जाते, पुन्हा क्लिक केला की सुटते, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

परत आलेल्या ओळी यादीतून काढताना खालून वर जावं लागतं. निवड 2, 5 आणि 7 या ओळींची असेल आणि आधी 2 काढली, तर 5 ची ओळ 4 वर सरकते आणि भलतंच पुस्तक निघून जातं.

पण खरा प्रश्न ओळीच्या क्रमांकावर विसंबण्याचाच आहे. लिस्टबॉक्स स्वतःहून क्रम लावत नाही. लेखकानुसार लावलेली यादी शीर्षकानुसार हवी असेल, तर सगळ्या ओळी पुसून पुन्हा भराव्या लागतात, आणि त्यात निवडही पुसली जाते. वाचनालयांनी यावर उपाय संगणकाच्या कितीतरी आधी काढला आहे. पुस्तक कुठल्याही कपाटात हलवा, त्याचा दाखल क्रमांक बदलत नाही. प्रोग्रामनेही तोच लक्षात ठेवायचा: पुसण्यापूर्वी निवडलेल्यांचे दाखल क्रमांक बाजूला घ्यायचे, यादी भरायची आणि ते क्रमांक जिथे सापडतील त्या ओळी पुन्हा निवडायच्या. मात्र प्रोग्रामने केलेल्या निवडीची वर्दी टीके देत नाही, ती फक्त माणसाच्या निवडीची मिळते. त्यामुळे यादीशेजारी दाखवलेला निवडलेल्या पुस्तकांचा तपशील आपणच ताजा करायचा.

शोधाच्या चौकटीत अक्षरं टाइप करून यादी आखूड केली, तर निवडलेली काही पुस्तकं नजरेआड होतात. ती सुटली समजायची का? बाईंचं मत ठाम होतं: “मी निवडलंय, मीच सोडेन.” त्याप्रमाणे निवड कायम राहते, आणि बटणावर लिहिलेलं दिसतं: ‘परत घ्या – 5 पुस्तकं, पैकी 3 यादीत दिसत नाहीत’.