अभ्यास आणि आस्वाद

साहित्याचा अभ्यास केल्याने वाचनाचा आनंद ओसरतो, ही तक्रार मी मराठीच्या वर्गात अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ती करणारे विद्यार्थी आळशी नसतात. कथा-कादंबऱ्यांच्या ओढीनेच त्यांनी हा विषय घेतलेला असतो. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. गोव्यात तर मुळीच नाही. इथे बहुतेकांचे माध्यमिक शाळेपासूनचे शिक्षण इंग्रजीतून होते. मराठीचा तास हाच अनेकांचा मराठी पुस्तकाशी उरलेला संबंध असतो. तिथेच गोडी गेली, तर वाचक कायमचा दुरावतो.

आपल्या साहित्यशास्त्राने अभ्यास आणि आस्वाद यांना एकमेकांचे वैरी मानलेले नाही. ‘ध्वन्यालोका’वरील ‘लोचन’ टीकेत अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगितले आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्यविषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. म्हणजे तन्मयता अभ्यासाने नष्ट होत नाही. ती अभ्यासाने येते. गाण्याच्या बाबतीत हे आपल्याला सहज पटते. ताल-सुरांची जाण आल्यामुळे भजनाची गोडी गेली, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही.

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता घेऊ. अवघ्या आठ ओळींची. पहिल्या वाचनात एक निसर्गचित्र दिसते: झरा, पलीकडे लहानसे गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेला वृक्ष. हा आनंद खराच आहे. पुन्हा वाचताना रंगांचा क्रम लक्षात येतो. निळ्यासावळ्या झऱ्यापासून हिरव्या शेतांतून, पांढऱ्या वाटेने आपण काळ्या डोहापाशी येतो. मग क्रियापदे दिसू लागतात. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो. बसलेला असतो तो एकटा औदुंबर. साऱ्या हालचाली त्याच्यापाशी येऊन थांबतात. हे कळल्यावर चित्र पुसले जात नाही. पहिल्या वाचनात जी शांतता नुसती जाणवली होती, ती कशी निर्माण झाली हे आता दिसते.

मग आनंद जातो कुठे? याच कवितेवरील परीक्षेची उत्तरे तपासताना ते कळते. औदुंबर म्हणजे विरक्त योगी, डोह म्हणजे मृत्यू, अशी समीकरणे गाईडमधून जशीच्या तशी उतरतात. त्याला जोड म्हणून १९१८ साली बालकवींना रेल्वेखाली आलेला अकाली मृत्यूही येतो. जणू कवीला तो आधीच ठाऊक होता! हे अर्थ लावणाऱ्या समीक्षकांनी कविता अनेकदा वाचली होती. विद्यार्थ्याच्या हाती मात्र कवितेआधी निष्कर्षच पडतो. त्याला अभ्यास म्हणता येत नाही. ती अभ्यासाची उसनवारी आहे. वाचनाच्या गोडीवर घाला येतो तो तिच्यामुळे.

अभ्यासाची किंमत मोजावी लागते, हेही मान्य करायला हवे. पुढे काय होणार या एकाच उत्सुकतेने रात्रभर कादंबरी वाचण्याची बेभानता पुष्कळ कमी होते. हाती पेन्सिल येते, वेग मंदावतो. पूर्वी आवडलेली काही पुस्तके पोकळ वाटू लागतात. पण ज्यांत खोली आहे, ती प्रत्येक वाचनात नवे काही देतात.

यातून शिक्षकांसाठी एक साधा क्रम सुचतो. कविता आधी मोठ्याने वाचावी, दोनदा वाचावी. कवीचे चरित्र, कालखंड, संप्रदाय हे सारे नंतर. पहिला प्रश्न ‘कवीला काय सांगायचे आहे?’ हा नसावा. ‘तुम्ही कुठे थबकलात?’ हा असावा. अलंकार, प्रतिमा, निवेदक या संज्ञा मग त्या थबकण्याचे कारण शोधताना कामी याव्यात. विद्यार्थ्याला स्वतःचे उत्तर सापडण्याआधी समीक्षकाचे उत्तर देऊ नये. अभ्यासक्रम आपल्या हाती नसतो, पण तासाची सुरुवात कशी करायची हे आपल्याच हाती असते.